समुद्राकाठची भिंत पाठीतून पडते

खाडीकाठच्या धक्क्यावर किंवा किनाऱ्याच्या बंधाऱ्यावर गेलात तर समोरच्या लाटा नंतर बघा. आधी भिंतीच्या मागे, काठापासून मीटर-दीड मीटरवरची फरशी बघा. पेव्हर ब्लॉक बशीसारखे खोलगट बसले असतील, पावसाचं पाणी एकाच जागी साचून मग अचानक नाहीसं होत असेल किंवा दिव्याचा खांब समुद्राच्या उलट्या बाजूला कलला असेल, तर ती भिंत आतून रिकामी व्हायला लागली आहे. दर्शनी बाजूला अजून एक तडाही नसेल. दुरुस्तीचा प्रस्ताव मात्र बहुतेक वेळा दर्शनी बाजूचाच निघतो: सांधे भरा, गिलावा करा, रंग द्या. फरशी उचलून खाली नवी रेती पसरतात. पुढच्या दोन पावसाळ्यांत ती रेतीही त्याच वाटेने समुद्रात जाते.

ही वाट भरती-ओहोटीने तयार होते. भरतीला पाणी सांध्यांतून, पायाखालून मागच्या भरावात शिरतं. ओहोटीला समोरचं पाणी भराभर उतरतं, भरावातलं तितक्या वेगाने उतरत नाही. हा फरक जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतो आणि जाताना बारीक माती घेऊन जातो. दिवसात दोन भरत्या, म्हणजे वर्षाला सातशेच्या वर फेऱ्या. एका फेरीत मूठभर रेती गेली तरी पाच वर्षांत पोकळी केवढी होईल याचा अंदाज करा.

मुंबईत अपोलो बंदराला उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची, भरती सरासरी ४.४२ मीटर आणि सुकती (ओहोटी) ०.७६ मीटर, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त फरक. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हाच फरक दीड मीटरच्या आत येतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो. गोव्याच्या बाजूला उधाणालाही साधारण दोन मीटर. म्हणून मुंबईच्या धक्क्याचा नकाशा उचलून वेंगुर्ल्याला लावता येत नाही, आणि वेंगुर्ल्याचा उरणला तर मुळीच नाही.

थोडा हिशेब करू. भिंत ४ मीटर उंच, मागे चांगला निचरा होणारा भराव, घनमीटरला १८ किलोन्यूटन वजनाचा (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार). भराव कोरडा असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर मातीचा आडवा दाब साधारण ४८ किलोन्यूटन येतो. आता समजा निचऱ्याची भोकं बुजली आहेत, जुलैचा पाऊस पडतोय आणि समोर ओहोटी आहे. भराव वरपर्यंत पाण्याने भरला, समोर पाणी नाही. पाण्यात बुडालेली माती हलकी होते, तिचा दाब २६-२७ वर येतो, पण पाण्याचा स्वतःचा ८० किलोन्यूटन वर बसतो. एकूण १०५ च्या पुढे, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय पायाखाली शिरलेलं पाणी भिंतीला खालून उचलतं, त्यामुळे घसरायला विरोध करणारं वजनही घटतं. भिंती बऱ्याचदा लाट आदळत असताना पडत नाहीत. वादळ ओसरल्यावर, ओहोटीच्या तळाशी, शांत पाण्यात पडतात, याचं कारण हे आहे.

डिझाइन करताना मागची पातळी अंदाजाने धरण्यापेक्षा मोजून घ्यावी, आणि जुन्या भिंतीला ते सहज जमतं. काठापासून दोन मीटरवर हाताच्या ऑगरने (मातीच्या गिरमिटाने) भोक घ्या, ५० मिमीचा पीव्हीसी पाइप खालच्या भागाला करवतीने खाचा पाडून, वर जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळून आत सोडा. उधाणाच्या दिवशी भरतीपासून ओहोटीपर्यंत दर अर्ध्या तासाने आतली आणि समोरची पातळी लिहा. दोन रेघांमधलं सर्वांत मोठं अंतर हा तुमचा उरलेला दाब. हेच पावसाळ्यात एकदा पुन्हा करा. खर्च जवळपास नाही, तरीही हे मोजमाप फार कमी कामांच्या फाइलमध्ये सापडतं.

निचऱ्याची भोकं ७५ ते १०० मिमी व्यासाची, मीटर-दीड मीटर अंतराने, दोन ओळींत, खालचं भोक वरच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी. हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती भोकाच्या मागे. नुसता पाइप भिंतीतून आरपार घातला तर तुम्ही माती बाहेर जायला राजमार्ग करून दिलात. मागे भिंतीच्या पूर्ण उंचीला किमान ३०० मिमी जाडीचा खडीचा थर हवा, आणि खडी व भराव यांच्यात न विणलेलं जिओटेक्स्टाइल किंवा श्रेणीबद्ध रेती-खडी. रेती-खडीचा नियम जुना आणि भरवशाचा आहे: गाळणीतला १५ टक्के आकार मातीच्या ८५ टक्के आकाराच्या चार-पाच पटींपेक्षा मोठा नको. ८५ म्हणजे मातीतले १०० पैकी ८५ भाग ज्याच्यापेक्षा बारीक आहेत तो आकार. भराव म्हणून मुरूम टाकायची सवय आपल्याकडे आहे. रस्त्याला ठीक. भिंतीच्या मागे दोन वर्षांत त्याचा चिखल होतो आणि निचरा बंद.

पोकळी भरण्यासाठी सिमेंटचं पाणी (ग्राउट) दाबाने मारण्याचा उपायही सर्रास सुचवला जातो. बाहेर जायची वाट बंद न करता ग्राउट मारलं तर ते समोरच्या पाण्यात निघून जातं, पोती मोजली जातात, पोकळी तशीच. सगळ्या वाटा बंद करून मारलं तर पोकळी भरते आणि निचराही मरतो. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी १०० मिमीच्या कोअर कटरने समोर हलका उतार देऊन नवी भोकं, त्यांत गाळणीसकट पाइप, मग खालच्या सांध्यांची भरणी, शेवटी पोकळीत ग्राउट, तेही भोकांच्या मागची खडी सोडून. शक्य असेल तिथे मागून उकरून नीट भराव करणं हे केव्हाही बरं. महाग वाटतं, पण एकदाच करावं लागतं.

आता पायथा. उभ्या भिंतीवर लाट आपटून परत फिरते आणि पायाशी वाळू खणते. ढोबळ नियम असा की वाळूच्या तळावर खड्डा साधारण समोर येणाऱ्या लाटेच्या उंचीइतका खोल जाऊ शकतो. दीड मीटरची लाट असेल तर दीड मीटर. पाया त्याखाली हवा, किंवा पायाशी दगडांचं असं पायताण हवं की जे खड्ड्यात घसरून स्वतःच बसेल. इथली नेहमीची फसगत सर्वेक्षणाच्या महिन्यात असते. निविदेची घाई मार्चअखेरची, म्हणून मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत पुळण भरलेली असते. पावसाळ्यात समुद्र तीच वाळू ओढून आत नेतो आणि किनारा कितीतरी खाली जातो, दिवाळीनंतर हळूहळू परत भरतो. फेब्रुवारीच्या पातळीवरून काढलेला पाया ऑगस्टमध्ये उघड्यावर लटकतो. निदान सप्टेंबरच्या शेवटी एकदा पातळ्या घ्याव्यात आणि त्यातली सर्वांत खालची धरावी.

टोकं विसरली जातात. बंधारा जिथे संपतो तिथे शेजारचा किनारा जास्त कापला जातो आणि पाणी वळसा घालून भिंतीच्या पाठीत शिरतं. टोकाला भिंत जमिनीकडे वळवून आत रोवावी लागते. अंदाजपत्रकात लांबी मोजताना ही वळणं धरलेली नसतील, तर पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते.

उतरत्या दगडी बंधाऱ्याचं गणित वेगळं. दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. काळ्या दगडाची घनता २.८ धरली, एकास दोन उतार, दोन थरांत रचलेले कोनदार दगड आणि फुटणारी लाट, तर दगडाचं वजन काढायच्या हडसनच्या सूत्राने १.५ मीटर लाटेला साधारण ४५० किलोचा दगड पुरतो, २ मीटरला ११०० किलो, ३ मीटरला साडेतीन टनांच्या वर. १.१ टनाचा दगड म्हणजे पाऊण मीटर बाजूचा ठोकळा. खाणीतून आलेल्या ट्रकवर चढून टेप लावायला हे माप लक्षात ठेवायला सोपं. दोन थरांची जाडी दीड मीटरच्या आसपास होते. खालच्या थरातला दगड वरच्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्शाचा, म्हणजे इथे ७५ ते ११० किलो. त्याखाली जिओटेक्स्टाइल.

जांभा इथे चालतो का, हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गात हमखास येतो, कारण खाण दारात असते. जांभ्याची घनता २ च्या आसपास धरून तेच सूत्र चालवा. २ मीटरच्या लाटेला ४.७ टनांचा दगड निघतो, चौपटीहून जास्त. कारण दगड पाण्यात किती जड राहतो यावर सगळं आहे आणि तोही फरक घनातच येतो. एवढा जांभ्याचा अखंड धोंडा काढला तरी तो हाताळताना फुटेल. जांभा आत, भरावात, लाट लागणार नाही तिथे वापरावा.

दगड डंपरने ओतू नयेत. ओतले की मोठे घरंगळत खाली जातात, बारीक वर राहतात, आणि लाटेचा मार वरच्या पट्ट्याला जास्त. पोकलेनने एकेक ठेवून, प्रत्येक दगड किमान तीन शेजाऱ्यांना टेकलेला हवा. आणि कृपा करून वरून काँक्रीट ओतून बंधारा 'पक्का' करू नका. दगडी बंधाऱ्याची सगळी ताकद फटींमध्ये आहे. फटींत लाट जिरते आणि मागचं पाणी बाहेर येतं. फटी बुजवल्या की त्याचा पातळ स्लॅब होतो, खालची वाळू सरकली की तो अधांतरी राहतो, आणि ओहोटीला आतल्या दाबाने तुकड्या-तुकड्याने उचलला जातो. अलिबागच्या कोलाबा किल्ल्याचे मोठे धोंडे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. पाणी आत शिरतं आणि निघूनही जातं. तटाला मसाला नाही ही कमतरता समजायचं कारण नाही.

मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर उलटा प्रकार दिसतो. तटाचे दगड खाऱ्या वाऱ्या-पाण्याने खोल झिजलेत आणि दोन दगडांमधला चुना मधमाशांच्या पोळ्याच्या कडांसारखा पुढे उभा आहे. चुन्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण दुरुस्ती करणाऱ्याने त्यात दुसरीही गोष्ट वाचावी: सांध्यातला मसाला (दर्जा) दगडापेक्षा टिकाऊ असला की झीज दगडाच्या वाट्याला येते. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचे दर्जे भरले की हेच घडतं, फक्त वेगाने. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून पडते, मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक धरतं आणि पापुद्रे सुटतात. तिथे पाण्यात घट्ट होणारा चुना किंवा चुना-सुरखीच (चुना आणि विटांची भुकटी) हवी, आणि भरतीच्या पट्ट्यात ती आवळेपर्यंत वर गोणपाट आणि फळ्यांचं झाकण.

आरसीसी जेट्टीचं दुखणं वेगळ्या जागी असतं. कायम पाण्याखाली असलेला पाइलचा (तळात रोवलेल्या खांबाचा) भाग बऱ्यापैकी सुखरूप असतो, कारण गंजायला प्राणवायू लागतो. खरा मार भरतीच्या रेषेच्या थोडं वर, जिथे शिंतोडे उडतात आणि सुकतात. प्रत्येक वेळी पाणी उडून जातं, मीठ राहतं. त्यामुळे बीमची खालची बाजू आणि स्लॅबचा तळ आधी जातो. वरून चालणाऱ्याला काहीच दिसत नाही. ओहोटीला होडी घेऊन खाली शिरलं की तांबडे ओघळ, सळईच्या रेषेत गेलेल्या चिरा आणि सुटलेली कव्हरची (सळईवरच्या काँक्रीटच्या थराची) ढलपी दिसते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, त्याने काँक्रीट आतून फाटतं.

तपासणीला पहिलं हत्यार साधी हातोडी. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत पापुद्रा सुटलाय. त्या जागेला खडूने कुंपण घाला. काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभाग सांगतो, त्यावरून जेट्टीचं भवितव्य ठरवू नये. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेलचं रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, पण कायम भिजलेल्या काँक्रीटमध्ये गंज नसतानाही हा आकडा असाच येतो, म्हणून पाण्याच्या रेषेखाली त्यावर विसंबू नका. सर्वांत उपयोगी चाचणी क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या गंज लावणाऱ्या घटकाची: ड्रिलची भुकटी ०–२५, २५–५० आणि ५०–७५ मिमी अशी वेगवेगळी गोळा करून. सळईच्या खोलीवर सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास क्लोराइड पोचलं असेल तर आज न सुटलेला भागही रांगेत उभा आहे.

आता ठिगळाचं काम, कारण अपयश इथेच येतं. सुटलेलं काँक्रीट काढलं, गंज दिसेल तेवढा ब्रशने घासला, वर इपॉक्सी, वर पॉलिमर मॉर्टर. दोन वर्षांनी ठिगळ शाबूत आणि त्याच्या भोवतीने नवीन चिरांची चौकट. मॉर्टर चांगलं होतं, दोष त्याचा नाही. पूर्वी जो भाग गंजत होता तो शेजारच्या सळईला नकळत वाचवत होता. ठिगळ घातल्यावर तो शांत झाला आणि मीठ भरलेल्या जुन्या काँक्रीटमधली शेजारची सळई गंजायला लागली.

म्हणून फोडताना सळईच्या मागे किमान २० ते २५ मिमी जागा होईपर्यंत फोडायचं, बोटं मागून फिरली पाहिजेत. लांबीत तर स्वच्छ, न गंजलेली सळई दिसेपर्यंत पुढे जायचं आणि तिथून अजून थोडं. कडा ग्राइंडरने १० मिमी खोल, काटकोनात कापलेल्या हव्यात, पंखासारख्या पातळ नकोत. बीम फोडण्याआधी खाली आधार. भरतीत टिकणारे आधार हे स्वतंत्र डिझाइन आहे, बांबूंवर भागत नाही. मग गोड्या पाण्याचा जेट, सळई सर्व बाजूंनी स्वच्छ. खाचांमधलं मीठ ब्रशने जात नाही. सकाळी चकचकीत केलेली सळई संध्याकाळी पुन्हा तांबूस दिसली तर मीठ शिल्लक आहे, पुन्हा धुवा. काटछेद पाचव्या हिश्शाहून जास्त घटला असेल तर जोडीला नवी सळई, पूर्ण लॅपसकट (जुन्या चांगल्या सळईला समांतर ठेवलेल्या लांबीसकट). ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे अॅनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बांधायचे आणि तार घट्ट आहे हे मल्टिमीटरने तपासायचं. अॅनोड वापरणार असाल तर सळईला इपॉक्सी फासू नका, आणि भरणीचं मॉर्टरही फार पॉलिमरवालं नको. वीज वाहिली नाही तर अॅनोड नुसता शोभेचा.

भरणी ५० मिमीच्या वर असेल तर हाताने थापण्याऐवजी साचा लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओतावं. जुनं काँक्रीट आदल्या दिवसापासून गोड्या पाण्याने भिजवलेलं, पण वर पाणी साठलेलं नको. साच्याच्या सांध्यांना फोमची पट्टी. एका टोकाने ओतायचं आणि दुसऱ्या टोकाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर बीमच्या तळाशी हवा अडकते. पोत्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, मापाच्या डब्याने. 'जरा पातळ करा साहेब, जात नाही' हे वाक्य ऐकू आलं की मिक्सरपाशी स्वतः उभं राहावं.

नव्या कामाला काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ (२००० ची आवृत्ती) भरतीच्या पट्ट्यासाठी एम ४० प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०, घनमीटरला किमान ३६० किलो सिमेंट आणि ७५ मिमी कव्हर सांगतं. कव्हर मुख्य सळयांभोवतीच्या रिंगेपर्यंत मोजायचं, मुख्य सळईपर्यंत नाही. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवलेली हवीत. कव्हरमध्ये घुसलेलं एक टोक वर्षभरात तांबडा ठिपका देतं. कव्हर ब्लॉक त्याच प्रतीच्या काँक्रीटचे हवेत, खडीचे तुकडे नकोत. आणि समुद्र म्हटलं की सल्फेटरोधक सिमेंट लिहायची सवय सोडावी. आपला शत्रू इथे क्लोराइड आहे, आणि ते बांधून ठेवणारा घटकच त्या सिमेंटमध्ये कमी असतो. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) किंवा फ्लाय अॅशचं (कोळशाच्या राखेचं) सिमेंट जास्त कामाचं, मात्र त्याला क्युरिंग जास्त दिवस लागतं, तेही गोड्या पाण्याने.

वेळापत्रक बार चार्टवरून नाही, पंचांगावरून करावं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. दुपारचं छान ऊन, पण भांगाचं पाणी खाली जातच नाही, पाया उघडा पडत नाही. पाया उघडा पडतो तो पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि तेव्हा सुकती पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी. हातात दीड-दोन तास, महिन्यात असे आठ-दहा दिवस, मे संपला की तेही बंद. पायथ्याचं काँक्रीट पहाटे पाचला पडायचं असेल तर प्लांट रात्री तीनला सुरू हवा, दिवे आणि जनरेटर आदल्या संध्याकाळी जागेवर हवेत, आणि हे सगळं निविदेत लिहिलेलं हवं, नाहीतर गाडी सकाळी दहाला येते आणि साच्यात तोवर कमरेएवढं पाणी असतं.